बिनगर्दीचे सायकल रस्ते : उमरी, भोकरपासून किनवट-सहस्रकुंडापर्यंत कुठून जायचं, काय सांभाळायचं

उमरी : पाठीला बॅग, डोक्याला हेल्मेट आणि सायकलच्या मागं बांधलेलं सामान, अशी फिरायला निघालेली माणसं आता आपल्या भागातही अधूनमधून दिसतात. हॉटेलवर चहाला थांबतात आणि सगळ्यांचा प्रश्न एकच असतो. गाड्यांची गर्दी नसलेला रस्ता कोणता? मोबाइलचा नकाशा त्यांना सरळ महामार्गाला घालतो. खरं उत्तर गावातल्या माणसाला ठाऊक असतं. दूध घालायला जाणारा, शाळेला सायकलवर जाणाऱ्या पोरी, शेळ्या राखणारा, यांना विचारलं तर तालुक्यातले मोकळे रस्ते तासाभरात कागदावर उतरतील. बाहेरून येणाऱ्यांना आणि आपल्याच गावातल्या हौशी पोरांनाही उपयोगी पडावी म्हणून ही माहिती एका ठिकाणी दिली आहे.

आपला भाग सायकलला का चांगला

उमरी तालुक्याच्या दक्षिण अंगाला गोदावरी आहे. नदीकडची जमीन सपाट, काळी आणि खोल. तिथून उत्तरेला भोकरकडं निघालं की जमीन हळूहळू वर चढते, माती हलकी होत जाते, मुरूम लागतो आणि मग डोंगर सुरू होतात. भूगोलाच्या पुस्तकात यांना निर्मल डोंगर किंवा सातमाळा म्हणतात. हीच रांग पुढं हिमायतनगर, किनवट, माहूरकडं जाते आणि तिकडं सागाचं दाट जंगल लागतं. गोदावरीच्या पलीकडं कंधार, मुखेड आणि पुढं लातूर जिल्हा म्हणजे बालाघाटची पठारं.

हे डोंगर सह्याद्रीसारखे उभे नाहीत. चढ लांब असतो, पण छातीवर येत नाही. रस्ते बांधणारे इंजिनिअर साधारण चढउताराच्या मुलखात ३० मीटरला १ मीटर आणि डोंगरात २० मीटरला १ मीटर चढ धरून चालतात. गिअरची सायकल असली तर दोन्ही चढ बसूनच पार होतात. साध्या सायकलवाल्याला दुसऱ्या प्रकारच्या चढावर उतरून ढकलावं लागेल, त्यात लाजायचं काही नाही.

मोकळा रस्ता ओळखायचा कसा

पहिली खूण म्हणजे कडेचा किलोमीटरचा दगड. वरचा भाग पिवळा असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवा असेल तर राज्य मार्ग, केशरी असेल तर ग्रामसडक योजनेचा रस्ता. सायकलवाल्यानं केशरी दगड धरून चालावं. प्रधानमंत्री ग्रामसडक योजना डिसेंबर २००० मध्ये सुरू झाली आणि तिच्यातून वाडी-तांड्यापर्यंत डांबर गेलं. या रस्त्यांची डांबरी पट्टी साधारण पावणेचार मीटर, कुठं तीनच मीटर रुंद असते. समोरून टेम्पो आला तर एकाला साइडपट्टीवर उतरावंच लागतं, त्यामुळं कोणी फार वेगात जात नाही.

दुसरी खूण दिवाळीच्या आगंमागं दिसते. ज्या डांबरावर सोयाबीन नाहीतर मका वाळत घातलाय, त्या रस्त्याला गर्दी नाही हे नक्की समजावं. फक्त वाळवणावरून सायकल घालू नये. शेतकऱ्याचं वर्षाचं पीक असतं ते, आणि शेंगांच्या फोलकटावरून चाकही घसरतं.

तिसरी खूण एसटीची. दिवसातून दोन-तीन फेऱ्या असलेल्या गावाचा रस्ता सायकलला उत्तम. गाव आहे म्हणजे पाणी आहे, दुकान आहे, पण वर्दळ नाही.

आता महामार्गांचं सांगायचं तर नांदेडहून बारड, भोकरमार्गे निर्मलकडं जाणारा राष्ट्रीय महामार्ग ६१ आणि हिमायतनगर-किनवट-माहूर हा १६१ अ, हे दोन्ही शक्यतो टाळावेत. सीताखांडीचा घाट दिसायला छान आहे, पण तो महामार्गावर आहे. तिथं सायकल घालायचीच असेल तर दिवस उजाडताना घालावी आणि लवकर पार व्हावं.

पाणंद : सगळ्यात जुना बिनगर्दीचा रस्ता

युरोपात बंद पडलेल्या रेल्वेच्या वाटेवरून सायकलचे रस्ते केले आहेत. स्पेनमध्ये १९९३ पासून असं काम चालू आहे, त्याला तिकडं हिरव्या वाटा म्हणतात. रेल्वेला चढ चालत नाही, म्हणून त्या वाटा आपोआपच सपाट असतात. आपल्याकडं रुळावर गाड्या चालू आहेत, तेव्हा तो विषय नाही. पण आपल्याकडं पाणंद आहे, आणि ती रेल्वेपेक्षा कितीतरी जुनी आहे.

गावच्या नकाशात पाणंद आणि गाडीमार्ग दोन तुटक रेषांनी दाखवलेले असतात, पायमार्ग एका तुटक रेषेनं. महसुलाच्या जुन्या मापानुसार पायमार्ग सव्वाआठ फुटांचा आणि शेतावर जाणारा गाडीमार्ग साडेसोळा ते एकवीस फुटांचा धरतात. कागदावर साडेसोळा फूट असलेली वाट जागेवर पाच फूट सापडते, हे कुणाला नव्यानं सांगायला नको. दरवर्षी नांगराचं एक-एक तास आत सरकतं, आणि दहा वर्षांनी बैलगाडी अडते.

वाट अडवली असेल तर तहसीलदाराकडं मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ च्या कलम ५ खाली दावा करता येतो, पण अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत. बांधावरून नवी वाट हवी असेल तर जमीन महसूल संहिता १९६६ चं कलम १४३ आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी शेत व पाणंद रस्ते योजना आली, तिच्यात रोजगार हमीच्या मजुरीची जोड देऊन हे रस्ते मजबूत करण्याची सोय आहे. २०२५ मध्ये शासनानं शेतरस्ते किमान तीन मीटर ठेवायचे आणि त्यांची नोंद सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात घ्यायची असंही ठरवलं. नोंद झाली की पुढच्या खरेदीदाराला वाट नव्हतीच असं म्हणता येत नाही.

सायकलवाल्याला एवढंच पाहिजे असतं. मुरूम टाकलेली, दोन्ही अंगाला बाभळी-लिंबाची सावली असलेली तीन मीटरची वाट. अशा चार गावांच्या पाणंदी एकमेकांना जोडल्या तर पंधरा-वीस किलोमीटर एकही गाडी न दिसता जाता येतं.

पावसाळ्यात मात्र काळ्या रानातल्या पाणंदीत सायकल घालू नये. चिखल टायरला धरतो, मडगार्डमध्ये गच्च बसतो, चाक फिरत नाही आणि माणसाला सायकल खांद्यावर घ्यावी लागते. भोकरकडच्या मुरमाड वाटा आणि देगलूर-बिलोलीकडच्या ग्रॅनाइटच्या वाळूसारख्या मातीच्या वाटा पाऊस उघडला की दिवसभरात चालण्याजोग्या होतात. काळ्या मातीला आठ दिवस लागतात.

कालव्याचा रस्ता

अर्धापूर, मुदखेड भागात ईसापूर धरणाच्या म्हणजे ऊर्ध्व पैनगंगा प्रकल्पाच्या कालव्याचं पाणी आहे. कालव्याच्या कडेनं तपासणीचा रस्ता असतो. कालव्याला किलोमीटरमागं वीतभर-हातभर उतार पुरतो, त्यामुळं हा रस्ता जवळपास सपाट. फ्रान्समध्ये मिदी नावाचा सतराव्या शतकातला कालवा आहे, त्याच्या काठानं अडीचशे किलोमीटरच्या आसपास सायकलवाले जातात, तीच गोष्ट इथं लहान प्रमाणात होऊ शकते.

पण हा रस्ता जलसंपदा विभागाचा आहे, सार्वजनिक रस्ता नाही. कुणी अडवलं तर हुज्जत घालू नये. कुठं मुरूम आहे, कुठं नुसती माती, मध्येच एखादी चारी आडवी फुटलेली असते. पाणीपाळी चालू असताना कालव्यात उतरू नये. सिमेंटच्या उतारावर शेवाळ असतं, पाय सरकला की पोहणाऱ्या माणसालाही वर येता येत नाही.

कुठून कुठं जायचं

नवख्या माणसानं उमरीहून गोरठ्याला जाऊन यावं. संत दासगणू महाराजांची (१८६८-१९६२) समाधी तिथं आहे. गजानन विजय ग्रंथ लिहिणारे हेच ते दासगणू. रस्ता सोपा, अंतर थोडं, लेकरंही जाऊ शकतात. उमरी गावातही बाहेरच्या माणसानं थोडं थांबावं. हैदराबाद मुक्तिसंग्रामात गाजलेली उमरी बँकेची कारवाई इथंच झाली, ३० जानेवारी १९४८ ला. त्याच दिवशी दिल्लीत गांधीजींची हत्या झाली.

दुसरी वाट गोदाकाठची, बळेगावच्या बंधाऱ्याकडं. जाताना उतार, येताना हलका चढ आणि दुपारनंतर समोरून वारा. हिवाळ्यात बंधाऱ्यात पाणी थांबलेलं असतं, तेव्हा काठावर पक्षी दिसतात. याच वाटेवर वाळूच्या गाड्यांची भीती आहे, त्याबद्दल खाली वेगळं लिहिलं आहे.

तिसरी आणि या भागातली खरी चांगली वाट उमरीहून भोकरकडच्या डोंगरातली. मुख्य रस्त्यानं हे अंतर वीस-पंचवीस किलोमीटर आहे, आडवाटेनं गेलं तर आणखी आठ-दहा वाढतील. मुख्य रस्ता सोडून वाड्या-तांड्यांना जोडणाऱ्या ग्रामसडकेनं जावं. एक टेकडी चढायची, खाली ओढा, परत टेकडी, असंच चालतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये सगळा डोंगर पळसानं लाल होतो. सागाची पानं मात्र त्या वेळेला गळालेली असतात, त्यामुळं सावली नाही. सावली पाहिजे असेल तर पाऊस संपल्या-संपल्या, ऑक्टोबर-नोव्हेंबरात जावं. भोकर तालुक्यात रेणापूरजवळ सुधा प्रकल्पाचा तलाव आहे, तिथं थांबून भाकरी खाण्यासारखी जागा आहे.

मुदखेडची बाजू सपाट. मुदखेड फुलशेतीसाठी ओळखलं जातं. गुलाब, गलांडा, झेंडूच्या रानातून जाणाऱ्या वाटा पहाटे फार सुरेख असतात, आणि फुलं तोडून बाजाराला नेणाऱ्यांची मोटारसायकल सोडली तर गर्दी नाही.

लांब जाणाऱ्यांसाठी चौथी वाट. भोकर, हिमायतनगर, सहस्रकुंड, बोधडी, किनवट. सगळं एका दिवसात करू नये, दोन मुक्काम धरावेत. सहस्रकुंडाला पैनगंगा काळ्या खडकातून खाली पडते, अलीकडं नांदेड जिल्हा आणि पलीकडं यवतमाळ. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये धबधबा भरून असतो, पण रविवारी गाड्यांची रांग लागते. सायकलवाल्यानं मंगळवार-बुधवार धरावा. ओल्या खडकावर कडेला जाऊन फोटो काढू नये. किनवटच्या पुढं पैनगंगेकाठी उनकेश्वरला गरम पाण्याचे झरे आहेत, दोन दिवस पाय चालवल्यावर त्या पाण्याची किंमत कळते. माहूरचा शेवटचा चढ मात्र हलका नाही. गडावर सायकल नेण्यापेक्षा ती खाली ठेवून एसटीनं जावं, आणि नवरात्र, दत्तजयंती हे दिवस टाळावेत.

लातूरकडच्यांसाठी थोडक्यात. चाकूर तालुक्यातलं वडवळ नागनाथचं वनौषधींचं बेट आणि उदगीर तालुक्यातलं हत्तीबेट, ही दोन्ही ठिकाणं आडरस्त्यानं सायकलवर होण्यासारखी आहेत. नांदेड जिल्ह्यात दक्षिणेला कंधारचा किल्ला आणि त्याच्याजवळचा राष्ट्रकूटकालीन जगतुंग तलाव, बालाघाटच्या हलक्या चढउताराचा हा चांगला नमुना.

सायकल रेल्वेत कशी न्यायची

सिकंदराबाद-मनमाड मार्गावर उमरी, मुदखेड ही स्टेशनं आहेत आणि मुदखेडहून आदिलाबादला फाटा जातो. त्याच फाट्यावर भोकर, हिमायतनगर, सहस्रकुंड, बोधडी, किनवट लागतात. म्हणजे जाताना रेल्वे आणि येताना सायकल, असं करता येतं.

सायकल डब्यात चढवता येत नाही. पार्सल ऑफिसला वजन करून, पैसे भरून ती ब्रेकव्हॅनमध्ये टाकावी लागते. नाव आणि कुठून कुठं हे लिहिलेली चिठ्ठी सायकलला बांधावी. लहान स्टेशनवर गाडी मिनिट-दोन मिनिटं थांबते आणि तिथं पार्सल घेतीलच असं नाही, म्हणून नांदेडलाच बुक केलेलं बरं. हवा थोडी कमी करावी आणि पंप जवळ ठेवावा.

रुळाच्या कडेची पायवाट सपाट दिसते म्हणून तिच्यावरून सायकल चालवू नये. रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १४७ नुसार रेल्वेच्या हद्दीत विनापरवाना शिरणं गुन्हा आहे, सहा महिने कैद किंवा एक हजार रुपये दंड, किंवा दोन्हीही होऊ शकतं. आणि आता विजेच्या इंजिनाच्या गाडीचा आवाज मागून लवकर येत नाही.

जंगलात शिरताना

गावाला जोडणारा डांबरी रस्ता जंगलातून जात असेल तर जायला हरकत नसते. आतल्या कच्च्या वाटा वनविभागाच्या, तिथं विचारूनच जावं. पैनगंगा अभयारण्य यवतमाळ आणि नांदेड या दोन जिल्ह्यांत पसरलेलं आहे. अभयारण्यात परवानगीशिवाय फिरणं वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली गुन्हा ठरतो.

वाघाची कुणी थट्टा करू नये. टिपेश्वर अभयारण्यातून २०१९ मध्ये निघालेला एक तरुण वाघ आपला भाग ओलांडून बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यापर्यंत गेला, गळ्यातल्या पट्ट्यामुळं त्याची वाट कळली. ज्यांच्या गळ्यात पट्टा नाही त्यांचं कुणालाच माहीत नसतं. तरी सायकलवाल्याला वाघापेक्षा अस्वलाची भीती जास्त. मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुलं पडतात, तेव्हा पहाटे अस्वल झाडाखाली असतं. त्या दिवसांत उजाडल्यावरच निघावं, वळणावर घंटी वाजवावी. रोही आणि रानडुक्कर संध्याकाळी रस्ता ओलांडतात, उतारावर वेग ठेवू नये. खडकाला किंवा उंच झाडाला आग्या मोहोळ दिसलं तर खाली बिडी-चूल पेटवू नये.

रानडुकरांसाठी बांधावर झटका मशीनच्या तारा ओढलेल्या असतात. पाणंदीच्या कडेला सायकल टेकवताना तार बघून टेकवावी. काही ठिकाणी लोक थेट लाइटची तार सोडतात, ते बेकायदेशीर आहे आणि त्यात माणसं मेली आहेत. रात्री आडवाटेनं कुणी सायकल घालू नये याचं हे सगळ्यात मोठं कारण.

काटा, ट्यूब, पाणी

आपल्याकडं पंक्चर म्हणजे सराटा नाहीतर बाभळीचा काटा. पाणंदीतून बाहेर आलं की दोन्ही टायरवरून हात फिरवून सराटे काढून टाकावेत, आत घुसायच्या आधी. गावच्या पंक्चरवाल्याकडं साध्या काळ्या सायकलची ट्यूब मिळते, गिअरच्या सायकलची मिळत नाही. ती शहरातून दोन घेऊन यावी. टायर जरा रुंद असावा, रेसिंगचा बारीक टायर मुरमात रुततो.

पाणी माणशी तीन लिटर. एप्रिल-मेमध्ये पारा चाळीसच्या पुढं जातो, त्या दिवसांत दहाच्या आत सावलीला यावं किंवा निघूच नये. मुक्कामाला देवळाचा सभामंडप, शाळेचा व्हरांडा मिळतो, पण आधी पोलीस पाटील किंवा सरपंचाला भेटून विचारावं. काही शेतकऱ्यांनी मनावर घेतलं तर यातून दोन पैसेही मिळतील. राज्याच्या २०२० च्या कृषी पर्यटन धोरणात किमान एक एकर जमीन असलेल्या शेतकऱ्याला नोंदणी करून पाहुण्यांची राहण्याची सोय करता येते. पिठलं-भाकरी, ठेचा आणि अंघोळीला गरम पाणी एवढं सायकलवाल्याला पुरतं. एसी कुणी मागत नाही.

वाळूचे टिप्पर आणि शाळेच्या पोरी

आज मोकळा असलेला रस्ता पुढच्या वर्षी मोकळा राहील याची खात्री नाही. नदीकाठच्या गावांतून वाळूचे टिप्पर रात्री आणि पहाटे ग्रामसडकेवरून जातात. तीन मीटरच्या रस्त्यावर टिप्पर आला की सायकलवाल्याला जागाच उरत नाही, आणि डांबराची कड तुटून वीतभर खड्डा पडतो तो वेगळाच. उसाच्या हंगामात दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर असतात, मागं ना लाइट ना लाल पट्टी. गोदाकाठच्या वाटेवर म्हणूनच सूर्य वर आल्यावर जावं आणि मावळायच्या आत परतावं.

बाहेरचा सायकलवाला एकदा येऊन जाईल. त्याच रस्त्यानं रोज दोन वेळा शाळेच्या पोरी जातात. मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांत आठवी ते बारावीच्या, शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या गरजू मुलींना सायकलसाठी अनुदान मिळतं. आधी ते ३,५०० रुपये होतं, २०२२ पासून ५,००० झालं. सायकल मिळाली, पण रस्ता अंगावर येणारा असेल तर आई-बाप दहावीनंतर पोरीला घरीच ठेवतात, हे गावोगाव दिसतं. ग्रामसभेत ठराव घेऊन शाळेच्या वेळेत जड वाहनं बंद ठेवण्याची मागणी तहसील आणि पोलीस ठाण्याकडं करता येते. ठरावाची नक्कल आणि गाड्यांचे तारीख-वेळेसहित फोटो जोडले तर अर्जाला वजन येतं.

सायकलवर निघणाऱ्यानं तीन नंबर कागदावर लिहून खिशात ठेवावेत, कारण भोकर-किनवटच्या डोंगरात बऱ्याच ठिकाणी रेंज जाते आणि मोबाइलही बंद पडतो. रुग्णवाहिका १०८, पोलीस ११२, वनविभाग १९२६. साप चावला तर बाहेरचं काही करत न बसता जवळच्या ग्रामीण रुग्णालयात जावं, सापावरची लस तिथं असते. रेंज नसेल तर टेकडीवर चढून बघावं, नाहीतर जवळच्या तांड्यावर जावं. तिथं कुणाची ना कुणाची मोटारसायकल असतेच.